भिवबाची पहार

कडेगव्हाणच्या इनामदारांनी दवंडी पिटवली, "नास्तिकांनी गाव सोडावं!" मग विहिरी खणणाऱ्या भिवबाला त्यांनी चावडीवर बोलावलं.

"देव आहे का रे?"

"ठाऊक नाही, सरकार."

"ठाऊक नाही म्हणजे नाहीच! उचल बिऱ्हाड."

भिवबाने पहार खांद्यावर टाकली. "निघतो. पण तुमच्या मळ्यातली विहीर वीस हात खणून झालीय. काल तुम्ही विचारलंत, पाणी आहे का? तेव्हाही मी ठाऊक नाही म्हणालो. मग जाता जाता बुजवून टाकू?"

"खुळा की काय! खणल्याशिवाय कसं कळणार?"

"मीही तेच म्हणतोय, सरकार. नाही म्हणणारा पहार खाली ठेवतो. माझी अजून चालू आहे."

चावडी खदखदली. इनामदारांनाही हसू आवरेना. "बरं, राहा. देव लागला तर आधी मला कळव."

"कळवतो की! फक्त मधेच बुजवायला सांगू नका."