शेवटचे अक्षर राजाला

एका राज्यात अक्षरांना शाप होता. प्रजेने दरबारातल्या धूम्रकेश मांत्रिकाविरुद्ध अर्ज लिहिला, म्हणून त्याने चिडून शापवाणी उच्चारली, "जो दुसऱ्याला अक्षर शिकवील, त्याच्या मनातून ते पुसलं जाईल!"

एका दिवसात शाळा ओस पडल्या. भिवरा नावाची तरुण शिक्षिका तेवढी पिंपळावरच्या जाणत्या साळुंकीकडे उपाय विचारायला गेली.

साळुंकी म्हणाली, "एकेका गावाला एकेक अक्षर दे. शेवटचं राजाला. सारी अक्षरं शिकणाऱ्यांच्या हातून एकाच दिवशी एका अंगणात उमटली की शाप तुटेल."

पंचेचाळीस वर्षे ती वाटत गेली. सत्तरीला तिच्याजवळ तीनच अक्षरे उरली. वेशीवरच्या पाट्या आता तिला रेघोट्या दिसत. साळुंकी चुकली असेल तर?

तरी तिने चालत्या डोंगराला गाठून तिथल्या पाथरवटांना 'ळ' दिला. उलट्या वाहणाऱ्या नदीवरच्या नावाड्यांना 'क्ष' दिला. मग गावोगावी निरोप धाडला, "दसऱ्याला राजवाड्यात या."

दसऱ्याला अंगण भरले. गावांनी मातीत आपापले अक्षर काढले. राजा मात्र सिंहासनावरून हलेना. त्याला एकही अक्षर येत नव्हते.

"महाराज, भरल्या अंगणात म्हातारीपुढे धुळीत बसणार?" धूम्रकेश कुजबुजला.

दिवस कलून ऊन भिंतीवर चढू लागले.

राजाने विचारले, "बाई, हे दिल्यावर तुमच्याजवळ काय राहील?"

"काही नाही, महाराज."

"आणि शाप तुटला नाही तर?"

"तर आपल्याजवळ एक अक्षर राहील."

राजा उतरला. धुळीत बसला. भिवराने त्याचे बोट धरून 'ज्ञ' गिरवला, आणि तिचे मन कोरे झाले. आपल्या हाताने काय काढले, तेही तिला कळेना.

काहीच घडले नाही. धूम्रकेश खदखदून हसला.

"थांबा," राजा म्हणाला. "हे बाईंनी काढलं. मी अजून काढलेलं नाही."

त्याने माती पुसली आणि एकट्याने बोट फिरवले.

धूम्रकेश उभ्याउभ्या धूर होऊन विरला. अठ्ठेचाळीस अक्षरे भिवराच्या मनात धावत परत आली. डोळे पुसून तिने राजापुढची माती वाचली.

"महाराज, गाठ उलटी पडली. पुन्हा काढा."

राजाने मुकाट्याने पुन्हा गिरवले. दुसऱ्या दिवशी राज्यातल्या साऱ्या शाळांची कुलपे निघाली.