धाकट्या गोळीचं काम

गोळ्यांना बोलता यायचं तेव्हाची गोष्ट. भागीरथीकाकूंच्या पायांवरची सूज उतरवायला डॉक्टरांनी दोन गोळ्या दिल्या. थोरली घेतली की काकू तासाभरात तीनदा मोरीकडे धावायच्या.

"आणि तू काय करतेस गं?" थोरलीनं हिणवलं.

धाकटी दचकली. खरंच, काय करत असेन मी?

"हिनं काहीच होत नाही," म्हणून काकूंनीही धाकटी सोडली. सूज उतरली, पण पिंढऱ्यांत गोळे येऊ लागले, छाती धडधडू लागली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. "काकू, अंगातलं पोटॅशियम घटलंय, म्हणून हा त्रास. थोरली पाण्याबरोबर तेही वाहून नेते. धाकटी ते अडवून धरते. ती का सोडलीत?"

डबीत थोरली धाकटीकडे वळली.

"माझ्यामागे तू एवढं सांभाळत होतीस?" थोरलीनं विचारलं.

"मलाही आत्ताच कळलं," धाकटी म्हणाली.