रेड्याचा नम्रपणा

माणसांना क्रिकेट सुचण्याच्या कितीतरी आधी जांभूळबनात ते खेळलं जाई. बनाचा वेगवान गोलंदाज होता भीमा रेडा. मागच्या वर्षी त्याने एकाच चेंडूत तिन्ही यष्ट्या मोडल्या होत्या. तेव्हापासून त्याने चेंडूला हात लावला नव्हता, कारण रोज कुठे ना कुठे त्याचा सत्कार असे.

संघात चिंगी नावाची मांजरही होती. ती रोज सकाळी पाठीची कमान करी, पाय ताणी आणि मैदानाला चार फेऱ्या मारी.

"उठल्या उठल्या आळस देतेस आणि त्याला सराव म्हणतेस?" रेडा रवंथ करत म्हणे. "अगं, ताकद रक्तात असावी लागते!"

अंतिम सामन्याचं शेवटचं षटक उरलं. नदीपलीकडच्या संघाला सहा धावा हव्या होत्या. कर्णधार कोल्ह्याने अर्थातच चेंडू रेड्याला दिला. रेडा गळ्यातल्या हारांसकट धावत आला, खांदा फिरवून वाकला, आणि कमरेत असा कट्ट आवाज झाला की तो वाकलेलाच राहिला. चेंडू त्याच्याच पायाशी पडला.

उरलेलं षटक चिंगीने टाकलं आणि अवघ्या दोन धावा दिल्या. बन जिंकलं.

सत्कार समितीचा अध्यक्ष बगळा हार घेऊन लगबगीने आला, चिंगीला ओलांडून गेला आणि वाकलेल्या रेड्यापाशी थांबला. "पाहा मंडळी," तो गहिवरून म्हणाला, "एवढा मोठा गोलंदाज, पण किती नम्र!"

हार गळ्यात पडताच रेडा ओरडला, "आई गं!"

समितीने ते आभाराचं भाषण म्हणून नोंदवून घेतलं.