जिथे जिताड्यांना हाक मारत नाहीत

मघाशी तळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला तुम्ही रस्ता विचारलात आणि त्याने तुमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, त्याचा राग मानू नका. तो शिष्टही नाही आणि बहिराही नाही. हातात माशांच्या खाण्याची टोपली असेपर्यंत आवळखारातलं माणूस तोंड उघडत नाही. टोपली रिकामी करून बांध उतरला, की तोच तुम्हाला घरी नेऊन चहा पाजेल आणि इतकं बोलेल, की तुमची शेवटची एसटी चुकेल. इथे दर घरामागे एक तळं, तळ्यात पोसलेले जिताडे मासे, आणि त्या जिताड्यांवर गावाच्या चुली पेटतात. पण तळ्यावर शब्द काढायचा नाही. हे पदीबायपासून सुरू झालं, असं सांगतात.

पदीबायचा नवरा बांधाचा राखणदार होता. खाडीचं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध, आणि तो राखायला गावापासून दूर या दोघांची झोपडी. एका उधाणाला बांध फुटला. नवरा वाहून गेला आणि गावाची सगळी जमीन खारी झाली. गेलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? गावाने त्याच्या बायकोशी बोलणं टाकलं. कोणी शिवी दिली नाही की हाकललं नाही. ती वाटेत समोर आली, की माणसं दुसरीकडे बघत. एकदा म्हणे तिला ठेच लागली, तोंडून 'आई गं' निघालं, आणि कोण आलं म्हणून ती मागे वळून बघायला लागली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू आला नव्हता.

झोपडीचं जोतं उंच करायला दोघांनी माती काढली होती, त्या जागी मोठा खड्डा होता. तो पावसाच्या पाण्याने भरलेला असे. भरती ओसरली, की बांधाखालच्या डबक्यांत जिताड्याची बोटभर पिल्लं अडकून तडफडत. पदीबायने ती ओंजळीने उचलली आणि खड्ड्यात सोडली. पोटासाठी नाही हो, सोबतीसाठी. खाडीतली कोळंबी, बारीकसारीक मासळी आणून ती त्यांना टाकायची आणि टाकताना बोलत बसायची. गुडघा दुखतो, कुडाला भोक पडलंय, आज नवऱ्याची आठवण आली, जे मनात असेल ते. खाणं टाकायच्या आधी हाक मारायची, "ये रं बाला, ये." पहिल्या वर्षी नुसतं पाणी हललं. पुढे पुढे तिचा शब्द कानी पडला, की तळाशी राहिलेल्या खारफुटीच्या खोडांमधून हातभर मासे निघून पायरीशी गोळा होऊ लागले. हसू नका. पोसणाऱ्याला मासा ओळखतो, हे इथे कोणीही सांगेल.

नवरा जाऊन सात वर्षं झाली, आणि त्या साली वारा काही केल्या पडेना. होड्या किनाऱ्यावर पालथ्या पडल्या. शेत तर आधीच गेलेलं. गडीमाणसं मिठागरावर राबायला गेली, तिथेही पोटापुरतं काम मिळेना. लोक पाला उकळून पिऊ लागले. एके सकाळी पदीबायची धाकटी जाऊ चांगुणा तान्ह्या पोरीला घेऊन झोपडीशी येऊन उभी राहिली.

"बाय, मना दूध नाय," ती म्हणाली. "पोर रडायची पन थांबली."

दाराशी कोणी आलं तर काय काय ऐकवायचं, हे पदीबायने सात वर्षं घोकलं होतं. राग पोटात होताच, आणि तो खोटा नव्हता. तिने पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"जालं घेऊन या," एवढंच ती बोलली.

गाव जाळं घेऊन आलं. पण तळाशी ती जुनी खोडं. जाळं अडकलं, फाटलं, पुन्हा शिवलं, पुन्हा फाटलं. जिताडे खोडांखाली जाऊन बसले. दुपार टळली तरी एक मासा हाती लागला नाही. माणसं बांधावर बसली आणि एकेक करून पदीबायकडे बघायला लागली. तिची हाक त्यांनी लांबून कितीदा ऐकली होती, वेडी झाली म्हणून हसलेही होते.

"तू बोलावलंस तर येतील ते," पोशा पाटील खाली मान घालून म्हणाले.

ती नाही म्हणाली असती, तर कोणी जबरदस्ती केली नसती. ती उठली, पायरी उतरून पाण्यात उभी राहिली. हातात काही नव्हतं.

"ये रं बाला, ये."

सगळे आले. मागून जाळं आवळत आणलं, तेव्हा त्यातले काही तिच्या पायांना अंग घासत होते, असं सांगतात. शेवटचा मासा वर निघेपर्यंत ती तिथून हलली नाही.

निम्मे मासे देऊन पलीकडच्या गावातून तांदूळ आणला. संध्याकाळी कित्येक महिन्यांनी गाव पोटभर जेवलं. तेव्हा चांगुणा ताट घेऊन निघाली आणि झोपडीच्या अंगणातून तिने प्रेमाने हाक मारली, "पदीबाय, ये गो, जेवाला ये."

या हाकेसाठी ती बाई सात वर्षं झुरली होती. त्यातला 'ये' कानावर पडला, आणि तिने दाराला आतून कडी घातली.

चांगुणा आधी गोंधळली. मग तिची नजर शेजारच्या तळ्याकडे गेली. पाण्यावर काही हलत नव्हतं. तिने ताट उंबऱ्यावर ठेवलं आणि मुकाट्याने दाराला पाठ लावून बसली. दार उघडलं तेव्हा अन्न निवून गेलं होतं. दोघींनी भात खाल्ला, मासा तसाच राहिला.

पुढल्या पावसात पदीबाय हंड्यातून पिल्लं घेऊन घरोघर गेली आणि प्रत्येकाच्या घरामागे जोत्यासाठी खणलेल्या खड्ड्यात सोडून आली. काय टाकायचं, किती टाकायचं, पाणी कधी बदलायचं, सगळं तिने हाताने दाखवलं. म्हणाली फक्त एवढंच, "पोसा, खा, विका. पन हाक नका मारू." खारी जमीन पिकेना, पण तळी पिकली. मिठागरावर गेलेले गडी घरी परतले. ती स्वतःही तळ्यावर जायची, खाणं टाकायची आणि न बोलता परत यायची, मरेपर्यंत.

आजही आवळखारात ज्या घरच्या तळ्यात जाळं ओढतात, त्या घरची बाई जेवणाचं बोलावणं हाक मारून करत नाही. गावात जे माणूस एकटं राहत असेल, त्याच्या दाराशी ती आधी जाते आणि काही न बोलता उभी राहते. दार उघडलं, की हाताला धरून आपल्या घरी नेते. नाही उघडलं, तर ताट खाली ठेवून तिथेच बसते. कितीही वेळ लागला तरी कोणी तिला घाई करत नाही.