लाडोबा कुठे नाही?

"जी मुळी लागू पडणार, तिचंच नाव सांगा! तिच्यापुरताच खर्च मिळेल!" राजा उदयभान गरजला. "आणि वाया घालवलेल्या तीन मुळ्यांचा खर्च परवापर्यंत भरून द्या. नाहीतर रुग्णशाळेला कुलूप!"

विसोपंत वैद्यांना दरदरून घाम फुटला. नगरात हिवतापाची साथ. तीन रानमुळ्यांचे काढे त्यांनी देऊन पाहिले, एकाचाही गुण येईना. चौथीसाठी खर्चाचा अर्ज घेऊन आले, तर हे भलतंच!

रुग्णशाळेत येऊन ते डोक्याला हात लावून बसले. समोरच्या खाटेवर येसाजी, खुद्द राजाच्या हत्तीचा माहूत, तापाने कुडकुडत होता. उशाशी त्याची बायको ठकू. कुलूप लागलं तर या माणसाला न्यायचं कुठे?

मग तिने पदर खोचला. "वैद्यबुवा, तुम्ही मुळी शोधा. राजाचं मी बघते!"

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात एकच हलकल्लोळ! राजाचा लाडका हत्ती, लाडोबा, हत्तीखान्यातून गायब! संध्याकाळी दसऱ्याची मिरवणूक, आणि हत्तीचा पत्ता नाही! राजाने चारी दिशांना स्वार पिटाळायचा हुकूम सोडला.

तेवढ्यात ठकू आडवी आली.

"महाराज, चार तुकड्या कशाला? हत्ती असेल तिकडे एकच पाठवा. बाकीच्यांची चंदी-भाकरी तरी वाचेल!"

"अगं, तो कुठे आहे हे ठाऊक असतं तर मीच नसतो का गेलो?"

"तेही खरंच म्हणा!" ठकू निमूट बाजूला झाली.

दुपार कलली. पूर्वेचे, पश्चिमेचे, दक्षिणेचे स्वार घामाघूम होऊन हात हलवत परतले. ठकू दारातच उभी!

"महाराज, यांच्याकडून घोड्यांच्या चंदीचा खर्च वसूल करा! मेले रिकामे आले!"

राजा भडकला. "रिकामे कसे? उन्हातान्हात रान पालथं घातलंय त्यांनी! तीन दिशांना हत्ती नाही, एवढं तर कळलं! आता सगळे मिळून उत्तरेला शोधतील!"

ठकूने हात जोडले. "हेच विसोपंतांच्या अर्जावर लिहून द्या, महाराज. त्यांचेही तीन स्वार असेच हात हलवत परत आलेत!"

राजा तिच्याकडे बघतच राहिला. हळूहळू मिशी थरथरू लागली.

"म्हणजे... लाडोबा?"

"रुग्णशाळेमागच्या बांबूच्या बनात. सकाळपासून खिडकीतून सोंड घालून माझ्या धन्याची पेज पितोय!"

राजा असा खदाखदा हसला, की फेटा सुटून खांद्यावर आला! तिथल्या तिथे त्याने अर्ज मागवला आणि शेरा मारला: 'आधीचा खर्च मंजूर. मुळी सापडेपर्यंत खर्च द्यावा. कितवी, ते विचारू नये.' मग ठकूला जरीचं लुगडं दिलं आणि रुग्णशाळेच्या खर्चाची कारभारीण नेमलं.

"पण महाराज, मला सही कुठे येते?"

"अंगठा उमटव! माझा अख्खा हत्ती पळवलास, अंगठा काय जड आहे?"

मिरवणूक तेवढी उशिरा निघाली. पेज संपल्याशिवाय लाडोबा जागचा हलेना! आणि अंबारीत राजाच्या शेजारी, त्याच्याच आग्रहाने, जीव मुठीत धरून, विसोपंत वैद्य बसले होते.