वाडीपर्यंत पोचलेला नगारा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच आहेत, तेवढं सांभाळून घ्या.

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. मधे शेतमळे, आणि पार लांबच्या उतारावर धनगरांची वाडी. टेकडीवरून सगळ्यांना निरोप द्यायला एक दवंडीवाला होता. नगारा वाजवायचा आणि सगळा निरोप एका दमात ओरडून सांगायचा, ही त्याची रीत.

एकदा वणवा लागला. दवंडीवाल्याने नगारा बडवून हाळी दिली. गावाने शब्द ऐकले आणि नदी गाठली. वाडीला फक्त नगारा ऐकू गेला. देवीची पालखी निघाली असं समजून ती माणसं नारळ घेऊन डोंगर चढू लागली. धुराने ठसका लागला तेव्हा मागे फिरली. तोवर एका म्हातारीची कोकरं गेली होती.

वणवा विझल्यावर म्हातारी टेकडीवर आली. "काय रं, आमाला वाचवतुयास का नाचवतुयास?"

"आजी, मी सगळं सांगितलं होतं."

"तुजं सगळं वाटंतच सांडलं. मोठं हाय ते आदी पोचीव."

दवंडीवाल्याने खूप विचार केला. मग घरोघरी जाऊन नवी रीत समजावली. नगारा न थांबता वाजला, की घर सोडून नदीवर जायचं. त्यावर शिंग फुंकलं, की नदीवर जाताना ओढ्याची वाट धरायची. शब्द शेवटी.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा वणवा लागला. नगारा वाजू लागला तसा पाटील धापा टाकत टेकडीवर आला.

"अरे, आम्ही जवळची माणसं. बडवणं थांबव आणि आम्हाला नीट सांग."

दवंडीवाल्याचा हात थांबला नाही. "नगारा ऐकलात ना, पाटील? मग निघा. वाट शिंग सांगेल, बाकीचं चालता चालता कळेल."

"आणि वाडीला शिंग कुठं ऐकू जाणार?"

"वाडीच्या सगळ्या वाटा नदीवरच उतरतात. त्यांना एवढं पुरे."

पाटील पुटपुटत निघाला. मळ्यातल्यांनी शिंग ऐकलं, गावाने शब्दही ऐकले. नदीवर सगळे भेटले. म्हातारी मेंढरं मोजत होती. तिला ना शिंग ऐकू आलं होतं, ना शब्द. पण मेंढरू एकही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडीवाला चालत वाडीवर गेला आणि वाऱ्यात विरलेला बाकीचा निरोप त्याने तिथे बसून सांगितला.

तात्पर्य: ज्यावाचून जीव जाईल ते सर्वात लांबच्या माणसाला ऐकू जाईल असं आधी सांगावं, जवळच्यांसाठी त्यात भर घालत जावी.