माहेरवाट

मुलांनो, उसाच्या एका मळ्याच्या बांधात उंदरांचे एक जुने गाव होते. तिथला प्रत्येक बोळ दुसऱ्या बोळाला मिळे. कोणीही कुठूनही शिरावे आणि कुठूनही बाहेर पडावे! गाव वाढले, बिळे अपुरी पडू लागली, तेव्हा एका ऐटबाज उंदराने बांधाच्या दुसऱ्या अंगाला नवी वसाहत खणली. तिथे प्रत्येक बोळाला एकच तोंड आणि शेवटी भिंत. "दुसरे तोंड म्हणजे चोरवाट! आपल्या दारावरून परक्यांची वर्दळ हवी कशाला?" असे तो मिशांना पीळ देत सांगे.

गंमत अशी, की त्याच्या बायकोचे माहेर जुन्या गावात, त्यांच्याच बोळाच्या भिंतीच्या अगदी पलीकडे होते. म्हातारी आई खोकली की लेकीला ऐकू येई. पण भेटायला जायचे तर अख्ख्या मळ्याला वळसा! पिल्लांना घेऊन उघड्यावरून, घारीच्या नजरेखालून कशी जाणार? "अहो, एवढीशी भिंत फोडा ना," ती म्हणे. "नसते उद्योग नकोत," तो म्हणे. बिचारी भिंतीला कान लावून बसे.

एके दुपारी त्यांच्या बोळात धामण शिरली. बाहेर पडायची वाट एकच, आणि तिच्यातच धामण! सगळे मागे सरत भिंतीला चिकटले. उंदराची ऐट पार उतरली. "आई गं!" लेक ओरडली. पलीकडून उत्तर आले, "रडू नकोस पोरी, तू तिकडून उकर, मी इकडून उकरते!" म्हातारीच्या हाकेला शेजारपाजार धावला. भोक पडताच आजीने पिल्ले ओढून घेतली, मग लेक आली, आणि शेपटीचा शेंडा धामणीच्या तोंडी देऊन जावईही सुटला. धामण मागोमाग आली खरी. पण पुढे पाहते तो बोळच बोळ! कोण कुठे पांगले, तिला कळेचना. शेवटी कंटाळून ती शेतात निघून गेली.

दुसऱ्या दिवशी उंदीर स्वतःच शेजारच्या बोळाची भिंत उकरू लागला. म्हातारीने पलीकडून विचारले, "काय जावईबापू, चोरवाट काढताय?"

"नाही हो सासूबाई," तो लाजून म्हणाला, "माहेरवाट!" तोवर पिल्ले कालच्या भोकातून आजीकडे पळालीसुद्धा.

तात्पर्य : परक्याला अडवायला घातलेली भिंत आधी आपल्याच माणसांना अडवते, म्हणून गाव वाढवताना वाटाही एकमेकींना जोडत जाव्यात.